छपराच्या टोकावर कोण बसलंय?

पावसाला छपरातली फट बरोबर सापडते. ज्यांचं घर कौलारू आहे त्यांना हे सांगायलाच नको. एक कौल जरासं सरकलं, की रात्री नेमकं अंथरुणावर टपटप सुरू होतं आणि घरभर पातेली मांडायची धावपळ उडते. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात मोठमोठ्या खांबांची देवळं बांधणाऱ्यांनाही हीच काळजी होती. आत देवाची मूर्ती, लोकांनी वाहिलेल्या मौल्यवान वस्तू आणि वर लाकडाच्या तुळया. तिथे पाणी गळून कसं चालेल?

या काळजीतूनच काही अप्रतिम शिल्पं जन्माला आली. ती गाभाऱ्यात नव्हती, भिंतीवरही नव्हती. ती होती थेट छपरावर! जीभ बाहेर काढलेले भयंकर चेहरे, तोंडातून पाणी ओतणारे सिंह, घोड्यावर स्वार झालेल्या वाऱ्याच्या झुळका, पंखवाली विजयदेवी आणि भलीमोठी टोपी घातलेला एक दाढीवालासुद्धा. चला, आज छपरावर चढून या मंडळींना भेटू. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू: बाबा रे, तू इथे नेमका कशासाठी बसला आहेस?

त्याआधी छप्पर समजून घ्यायला हवं. ग्रीक छपरावर दोन तऱ्हेची कौलं असत. खाली रुंद कौलं, कडा जराशा वर वळलेली, एकमेकांना चिकटून मांडलेली. दोन रुंद कौलांच्या मधे जी फट उरते, तिच्यावर एक अरुंद कौल पालथं घालायचं. आपल्याकडची जुनी नळीची कौलं तुम्ही पाहिली असतील, एक उताणं आणि त्यावर एक पालथं. युक्ती अगदी तीच. पाणी पालथ्या कौलावरून घरंगळून उताण्या कौलात येतं आणि वाहत वाहत वळचणीपर्यंत जातं. कोरिंथ नावाच्या ग्रीक शहरात इ.स.पू. सातव्या शतकात कौलांच्या छपराचं मोठं देऊळ उभं राहिलं होतं. त्याचं एकेक कौल ३० किलोच्या आसपास भरायचं. कौलं आपल्या वजनावरच जागेवर बसायची, म्हणून छपराचा उतार फार तीव्र ठेवता येत नसे. नाहीतर पाण्याबरोबर कौलंही खाली!

आता वळचणीपाशी या आणि नीट बघा. पालथ्या कौलांची रांग जिथे संपते तिथे शेवटच्या कौलाचं तोंड उघडंच राहतं. एक रांग, एक भोक. लांबलचक छपराला अशी कितीतरी भोकं. वारा सुटला की पाऊस त्यातून उलटा आत शिरणार, पाखरं घरटी करणार, आतलं लाकूड कुजणार. यावर उपाय म्हणून शेवटच्या कौलाच्या तोंडावर मातीची एक उभी पाटी बसवू लागले. तिचं नाव अँटिफिक्स. भोक बुजलं, काम झालं.

पण कुंभाराच्या हातात ओली माती असते आणि तो समोरची पाटी कोरी सोडेल? शक्यच नाही.

प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने याविषयी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. (हा प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला.) कोरिंथमध्ये बुटाडेस नावाचा कुंभार राहत होता. त्याच्या मुलीचा एका तरुणावर जीव होता आणि तो तरुण परदेशी निघाला होता. निघायच्या आधी दिव्याच्या उजेडात भिंतीवर त्याच्या चेहऱ्याची सावली पडली. मुलीने त्या सावलीच्या कडेने रेघ ओढून ठेवली. बापाने ते पाहिलं, त्या रेघेच्या आत माती थापून उठावाचा चेहरा घडवला आणि आपल्या बाकीच्या भांड्यांबरोबर भट्टीत भाजून काढला. प्लिनी पुढे सांगतो, की छपराच्या कडेच्या कौलांवर चेहरे बसवणारा पहिला माणूस हाच. गोष्ट फार जुनी, प्लिनीच्याही आधीच्या काळातली. पण मला ती आवडते, कारण कौलावरच्या चेहऱ्याचा शोध तिने एका कुंभाराला आणि त्याच्या लेकीला दिला आहे, कुठल्या राजाला नाही.

हे चेहरे एकेक करून हाताने कोरत बसायला वेळ कुणाला होता? म्हणून साचा करत. साच्यात ओली माती बोटांनी घट्ट दाबून भरायची, जरा सुकली की साच्यातून सोडवायची, रंगवायची, भाजायची. समोरून चेहरा सुबक, गुळगुळीत. मागून मात्र बोटांचे ठसे तसेच. वर छपरावर मागची बाजू बघायला कोण जाणार आहे? आज संग्रहालयातल्या माणसांना ती पाठच फार मोलाची वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचा अंगठा तिथे उमटलेला असतो.

पाटीवर काय काढायचं, हे गावोगाव वेगळं. कुठे ताडाच्या पानाचा उमललेला पंखा, कुठे हसरी स्त्री, कुठे घोड्याच्या कानांचे वनदेव. आणि कुठे मेड्युसा! केसांच्या जागी वळवळणारे साप, वटारलेले डोळे, बाहेर लोंबणारी जीभ. तिच्याकडे जो बघेल तो दगड होतो, अशी ग्रीकांची कथा. असा चेहरा वळचणीला लावला, की वाईट शक्ती देवळाकडे फिरकणार नाहीत, असं त्यांना वाटे. आता बघा, त्या पाटीला एकाच वेळी दोन कामं लागली. पाऊस अडवायचा आणि अरिष्टही अडवायचं.

रोमन सैन्याने तर या पाट्यांवर आपली खूणच उमटवली. ब्रिटनमध्ये चेस्टरला रोमनांच्या विसाव्या सैन्यदलाचा तळ होता. जवळच्या होल्ट गावात त्या दलाची स्वतःची कौलांची भट्टी होती. तिथल्या पाट्यांवर पळता रानडुक्कर आहे आणि दलाचा आकडाही आहे. रानडुक्कर हे या दलाचं चिन्ह. म्हणजे बराकीखालून जाणाऱ्याने मान वर केली, की छप्पर कुणाचं ते लगेच कळायचं.

आता सिंहांकडे जाऊ. काही देवळांच्या छपराच्या कडेला पन्हळ असे. सगळं पाणी पन्हळीत जमा होतं, पण मग ते बाहेर कुठून काढायचं? जिथून काढायचं तिथे सिंहाचं डोकं बसवत आणि त्याच्या उघड्या तोंडातून पाण्याची धार खाली सोडत. सिसिलीतल्या हिमेरा इथल्या देवळाचे असे सिंह पालेर्मोच्या संग्रहालयात आहेत. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या आणि नाकावरच्या सुरकुत्या बघून अंगावर काटा येतो.

इ.स.पू. पहिल्या शतकात विट्रुवियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने इमारती कशा बांधाव्यात यावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात या सिंहांविषयी एक सूचना आहे. ती वाचली तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं. तो म्हणतो, पन्हळीवर सिंहांची डोकी ओळीने बसवा, पण सगळ्यांच्या तोंडाला भोक पाडू नका. जो सिंह बरोबर खांबाच्या डोक्यावर येतो, त्याच्याच तोंडातून पाणी सोडा. दोन खांबांच्या मधे जे सिंह येतात ते भरीव ठेवा. का बरं? जरा विचार करा. माणसं देवळात शिरतात कुठून? दोन खांबांच्या मधून! तिथला सिंह पाणी ओतू लागला तर दर्शनाला आलेल्यांच्या डोक्यावर धबधबा. खाली उभं राहून पाहणाऱ्याला सगळे सिंह सारखेच दिसतात, पण कामावर असतात फक्त काही.

अथेन्सच्या जगप्रसिद्ध पार्थेनॉनवर (बांधकाम इ.स.पू. ४४७ ते ४३२) तर एकही सिंह कामावर नव्हता. चार कोपऱ्यांवर चार डोकी, पण तोंडातून आरपार भोकच नाही. तिथे लांब बाजूंना पन्हळ ठेवलीच नव्हती; पागोळ्या सरळ वळचणीवरून खाली पडायच्या. मग सिंह कशाला? कारण तोपर्यंत लोकांच्या डोळ्यांना सवय झाली होती. छपराच्या कोपऱ्यावर सिंह नसेल तर देऊळ अपुरं वाटायचं. काम संपलं, तरी नक्षी मागे राहिली. असं इमारतींच्या बाबतीत फार वेळा होतं.

ग्रीसमधल्याच ऑलिम्पियाच्या झ्यूस देवाच्या देवळावरचे संगमरवरी सिंह मात्र खरोखर राबत होते, आणि त्यामुळे झिजत, फुटतही होते. मग दुरुस्ती करणाऱ्यांनी नवे सिंह बसवले, पुढच्या पिढ्यांनी आणखी नवे. प्रत्येक काळातल्या शिल्पकाराचा हात वेगळा. म्हणून तिथल्या संग्रहालयातले सिंह एकमेकांशेजारी ठेवले, की कोणता कोणाच्या आधीचा हे जाणकारांना ओळखता येतं.

आता सगळ्यांत वर चढू, आढ्यापर्यंत. ग्रीक देवळाच्या दर्शनी बाजूला छपराच्या दोन पाखांमुळे एक मोठा त्रिकोण तयार होतो. त्याचं वरचं टोक ही मोठी अडचणीची जागा. दोन्ही बाजूंच्या तिरप्या कडा तिथे येऊन भिडतात आणि आढ्यावरच्या कौलांची रांगही तिथेच संपते. सांधे उघडे, वारा सर्वांत जास्त. खालची दोन टोकंही तशीच नाजूक. या तीन टोकांवर जी मोठी शिल्पं बसवत त्यांना म्हणतात ॲक्रोटेरियन. सांधा झाकला जातो आणि टोकाच्या कौलांवर चांगलं वजनही पडतं.

सुरुवातीचं एक ॲक्रोटेरियन ऑलिम्पियालाच आहे. तिथे हेरा देवीचं देऊळ इ.स.पू. ६०० च्या सुमाराला बांधलं. त्याच्या टोकावर भाजलेल्या मातीची एक गोल चकती होती, रंगीत कड्यांनी सजवलेली. चकती म्हटल्यावर तुम्हाला केवढी वाटली? तिचा व्यास सव्वादोन मीटरहून जास्त आहे! दारातून उचलून नेता येणार नाही एवढी. एवढं मोठं काम न तडकता भाजून काढायचं आणि मग देवळाच्या शेंड्यावर चढवायचं, हे करणाऱ्यांना माझा नमस्कार.

मग चकतीच्या जागी आली मोठाली पानं-फुलं, आणि पानाफुलांच्या जोडीला आले देव, घोडे, पंखवाल्या देवता. हे तुमच्या लक्षात आलं का, की छपरावरच्या शिल्पांमध्ये उडणारी मंडळी फार आहेत? ती उगाच नाहीत. या शिल्पांच्या मागे भिंत नसते, आकाश असतं. ज्याला पंख आहेत तो तिथेच शोभतो. नीके ही ग्रीकांची विजयदेवी, तिला तर छप्पर फारच आवडायचं. डेलॉस बेटावरच्या अथेन्सकरांच्या देवळावर उत्तरेचा वारा बोरिआस एका राजकन्येला उचलून पळवत होता. आणि एपिडॉरसला, वैद्यांचा देव अस्क्लेपियस याच्या देवळाच्या कोपऱ्यांवर, घोड्यावर बसलेल्या झुळका होत्या. हो, वाऱ्याच्या झुळका! दगडात झुळूक कशी दाखवायची? शिल्पकाराने त्यांची वस्त्रं अंगाला चिकटलेली आणि मागे फडफडणारी कोरली. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात त्या आजही तशाच भरधाव निघालेल्या दिसतात.

एपिडॉरसच्या या देवळाचा खर्चही आपल्याला ठाऊक आहे, कारण तिथल्या लोकांनी सगळा हिशेब दगडावर कोरून ठेवला. देवळाचा मुख्य स्थापत्यकार थिओडोटस याला वर्षाला ३५३ द्राख्मा (द्राख्मा हे ग्रीकांचं नाणं) मिळायचे, म्हणजे साधारण दिवसाला एक. आणि तिमोथिओस नावाच्या शिल्पकाराला फक्त एका बाजूच्या ॲक्रोटेरियनांसाठी किती? २,२४० द्राख्मा! भागाकार करून बघा. अख्खं देऊळ उभारणाऱ्याचा सहा वर्षांहून जास्त पगार, तोही छपराच्या एकाच बाजूच्या तीन टोकांवर. त्यातला बराचसा पैसा दगड, मदतनीस आणि ने-आण यांवर जात असणार, तरीही या कामाला लोक किती किंमत देत होते हे त्यातून दिसतं.

कामाचा मानही तसाच होता. ऑलिम्पियात १८७५ साली उत्खननात विजयदेवीची एक देखणी मूर्ती सापडली. जवळजवळ नऊ मीटर उंच, तीन बाजूंच्या खांबावर ती उभी होती. खाली लेख कोरला आहे: ही मूर्ती मेंडे गावच्या पायोनिओसने केली, आणि देवळावरची ॲक्रोटेरियनं करण्याच्या स्पर्धेतही तोच जिंकला. विचार करा, एवढी सुंदर मूर्ती घडवल्यावरसुद्धा पायोनिओसला छपरावरचं बक्षीस सांगितल्याशिवाय राहवलं नाही!

एवढ्या उंचावरच्या गोष्टी खालून नीट दिसाव्यात म्हणूनही डोकं चालवावं लागे. विट्रुवियस म्हणतो, खांबांच्या वरचे सगळे भाग, अगदी ॲक्रोटेरियनसुद्धा, सरळ उभे ठेवू नका. उंचीच्या बाराव्या भागाइतके पुढे झुकवा. म्हणजे १२० सेंटीमीटरचा भाग १० सेंटीमीटर पुढे. कारण खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यापासून त्या भागाच्या पायथ्यापर्यंतचं अंतर कमी आणि शेंड्यापर्यंतचं जास्त. त्यामुळे सरळ उभी वस्तूही मागे कललेली दिसते. एखाद्या उंच इमारतीच्या अगदी पायथ्याशी जाऊन वर बघा, तीही मागे रेललेली वाटेल.

ग्रीसमधून आता इटलीत जाऊ. तिथे रोमच्या उत्तरेला एट्रुस्कन लोक राहत. मातीकाम करावं तर यांनीच! छपराची टोकं त्यांना पुरली नाहीत. आढ्याच्या सबंध लांबीवर त्यांनी माणसाएवढ्या मूर्ती उभ्या केल्या. त्यांच्या वेई शहरातल्या देवळावर, जमिनीपासून सुमारे १२ मीटरवर, अपोलो देव आणि हर्क्युलीस हा वीर एका हरिणीसाठी भांडत समोरासमोर उभे होते. इ.स.पू. ५०० च्या आसपासचा हा अपोलो १९१६ मध्ये सापडला आणि आता रोमच्या व्हिला ज्युलिया संग्रहालयात आहे. ओठांवर हसू, एक पाय पुढे. खालून पाहणाऱ्याला वाटत असणार, हा आत्ता आढ्यावरून चालत येईल.

टोपीवाल्याला विसरलात का? तो टस्कनीतल्या मुर्लो गावाजवळचा. इ.स.पू. सहाव्या शतकातल्या एका भव्य वास्तूच्या आढ्यावर तो आपल्या सोबत्यांसह बसलेला असे. डोक्यावर रुंद काठाची, मधे उंच शेंडा असलेली टोपी आणि हनुवटीखाली लांब चौकोनी दाढी. त्याला बघून लोकांनी त्याचं नाव ‘मुर्लोचा काउबॉय’ ठेवलं. तिथेच, त्या वास्तूच्या आधीच्या काळातली एक कार्यशाळा सापडली आहे. एके दिवशी तिला आग लागली. जमिनीवर ओली कौलं वाळत घातली होती. जीव वाचवायला माणसं त्यांच्यावरूनच पळत सुटली आणि त्यांची पावलं ओल्या मातीत उमटली. आगीने ती कौलं तिथल्या तिथे भाजली, म्हणून ती पावलं २,६०० वर्षांनंतर आपल्याला बघायला मिळतात.

एक शेवटची गोष्ट, वेईच्याच कारागिरांची. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने ती सांगितली आहे. रोमचा राजा टार्क्विन याने ज्युपिटर देवाच्या देवळाच्या छपरासाठी चार घोड्यांचा मातीचा रथ वेईला घडवायला दिला. रथ भट्टीत गेला, आणि आकसायच्या ऐवजी फुगायला लागला! इतका फुगला, की बाहेर काढायला भट्टीचं छप्पर उतरवून भिंती पाडाव्या लागल्या. ज्योतिषी म्हणाले, हा ज्यांच्याकडे राहील त्यांची भरभराट होईल. झालं! वेईकर रथ द्यायलाच तयार होईनात. तोवर टार्क्विनला रोममधून हाकलून दिलं होतं. वेईकर म्हणाले, रथ टार्क्विनचा, तुमचा नव्हे. थोड्याच दिवसांनी वेईत रथांची शर्यत झाली. जिंकलेल्या रथाचे घोडे अचानक उधळले, सारथी रातुमेना याला घेऊन थेट रोमपर्यंत धावले आणि वेशीपाशी त्याला फेकून दिलं. वेईकर घाबरले आणि त्यांनी मातीचा रथ मुकाट्याने रोमला पाठवला. पुढे इ.स.पू. २९६ मध्ये त्या छपरावर चार घोड्यांच्या रथातला नवा ज्युपिटर बसवला गेला.

ही गोष्ट ऐकून त्या काळचे लोक थक्क का झाले असतील, हे कुंभाराला लगेच कळेल. मातीचे कण फार बारीक आणि चपटे असतात, त्यांच्या मधे पाणी असतं. वाळताना पाणी उडून जातं, कण जवळ सरकतात, वस्तू लहान होते. भट्टीत कण एकमेकांना धरू लागतात आणि ती आणखी आकसते. (प्रमाणाबाहेर तापवली तर आत वायूचे बुडबुडे अडकून माती फुगूही शकते, पण मग ती बिघडते.) आत ओल राहिली तर वाफ होऊन मूर्ती फुटायची भीती. म्हणून मोठ्या मूर्ती पोकळ ठेवत, त्यांना हवा खेळायला भोकं ठेवत आणि मातीत वाळू किंवा भाजलेल्या मातीचा चुरा कालवत.

आकसणं किती, हे घरी मोजता येईल. ओल्या चिकणमातीची सपाट पट्टी करा. तिच्यावर टाचणीने दोन खुणा करा, बरोबर १० सेंटीमीटर अंतरावर. पट्टी सावलीत दोन-चार दिवस वाळू द्या, मधेमधे उलटा, आणि खुणांमधलं अंतर पुन्हा मोजा. समजा ते ९ सेंटीमीटर भरलं. वेईचा अपोलो आज साधारण १८० सेंटीमीटर उंच आहे. त्याची माती तुमच्या मातीएवढीच आकसली असेल, तर ओल्या मातीत तो किती उंच घडवावा लागला असेल?